पश्चात्तापावांचून क्षमा आहे काय?

गेल्या पावसाळ्यांत माझ्या वर्गांत एक लहानशी गोष्ट घडली. तिच्यांतून निघालेल्या एका प्रश्नानें मला पुष्कळ दिवस विचार करावयास लाविलें, म्हणून तो प्रश्न आज वार्षिकाच्या वाचकांपुढें, म्हणजे तुम्हां विद्यार्थ्यांपुढें व तुमच्या आईवडिलांपुढें, मांडीत आहें. येथील रेल्वेच्या वसाहतींतून येणाऱ्या एका मुलाच्या दप्तरांतून परीक्षेच्या फीचे ३०० रुपये गेले. ते कोणीं घेतले हें दुसऱ्या एका विद्यार्थ्यानें प्रत्यक्ष पाहिलें होतें. प्रकरण घरापर्यंत गेल्यावर घेणाऱ्याच्या वडिलांनीं मुकाट्यानें पैसे भरून दिले. परंतु त्या मुलानें 'माझें चुकलें' एवढे दोन शब्द कांहीं केल्या उच्चारले नाहींत. मी पहिल्या मुलास बाजूला घेऊन म्हणालों, "बाळ, आतां झालें गेलें विसर, आणि त्याला क्षमा कर." त्यावर तो शांतपणें म्हणाला, "सर, त्यानें ती मागितलीच नाहीं, तर मी देऊं कोणाला?"

मला त्या क्षणीं उत्तर सुचलें नाहीं, व तें बरेंच झालें. कारण हा प्रश्न त्या मुलाचा एकट्याचा नव्हे. ख्रिस्ती मंडळींत तो फार प्राचीन काळापासून विचारला जात आहे. अपराध्यास पश्चात्ताप झाल्यावांचून क्षमा करितां येते काय? आणि येत असेल, तर ती करावी काय? एक पक्ष म्हणतो कीं, पश्चात्ताप नसतां केलेली क्षमा म्हणजे पापाला दिलेली मोकळीक होय. दुसरा पक्ष म्हणतो कीं, पश्चात्तापाची अट घालणारी क्षमा ही क्षमाच नव्हे, तो सौदा होय. दोन्ही पक्षांना शास्त्राचा आधार आहे, हीच ह्यांतील खरी अडचण.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहूं. संस्कृतांत पृथ्वीलाही 'क्षमा' म्हणतात, कारण ती सारें सोसते. तेव्हां क्षमेंत सहनशीलतेचा अर्थ मूळचाच आहे. 'माफी' हा शब्द अरबींतून आपल्याकडे आला, आणि आपल्या मराठवाड्यांत तो प्रत्येक शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे: दुष्काळ पडला म्हणजे साऱ्याची माफी, कर्जाची माफी. तिसरा प्रयोग घरांतला आहे: अपराध पोटांत घालणें. नव्या करारांतील मूळ ग्रीक शब्द ह्या तिहींपैकीं 'माफी'ला सर्वांत जवळचा आहे. सोडून देणें, मोकळें करणें, ऋण वसूल न करणें, असा त्याचा अर्थ होतो. आणि म्हणूनच प्रभूनें शिष्यांस शिकविलेल्या प्रार्थनेंत, मत्तयाच्या पाठांत, ऋणाची भाषा आली आहे. ज्याचें येणें आहे तोच तें माफ करूं शकतो, आणि त्यासाठीं त्याला ऋणकोच्या परवानगीची गरज नसते, एवढें येथें ध्यानांत ठेवावें.

'पश्चात्ताप' ह्या शब्दाचा सरळ अर्थ मागून होणारा ताप. परंतु ग्रीक शब्दाचा अर्थ मन पालटणें असा असून, जुन्या करारांतील इब्री शब्दाचा अर्थ माघारें वळणें असा आहे. ताप हा पालटाचा आरंभ असेल, पण नुसता ताप म्हणजे पश्चात्ताप नव्हे. यहूदा इस्कर्योत ह्याला केल्या कृत्याचा ताप झाला. त्यानें चांदीचीं तीस नाणीं परत नेऊन टाकलीं. पण तो प्रभूकडे वळला नाहीं, आणि त्या तापांतच त्याचा अंत झाला. पेत्रानें त्याच रात्रीं आपल्या गुरूला तीन वेळां नाकारलें आणि तो फार रडला. पण तो परत आला. दोघांच्या अश्रूंत कदाचित् फार अंतर नसेल. अंतर आहे तें वळण्यांत.

आतां पहिल्या पक्षाचें म्हणणें पाहूं. बाप्तिस्मा करणारा योहान यार्देनेच्या कांठीं पश्चात्तापाचाच उपदेश करी, आणि पापांची क्षमा त्याशीं जोडी. पन्नासाव्या दिवशीं यरुशलेमांत जमलेल्या लोकांनीं आपण आतां काय करावें असें विचारलें, तेव्हां पेत्रानेंही प्रथम पश्चात्तापच सांगितला. लूकाच्या १७ व्या अध्यायांत तर प्रभूचा आदेश अगदीं स्पष्ट आहे. भावानें अपराध केला तर त्याला त्याचा दोष दाखवावा. त्याला पश्चात्ताप झाला तर क्षमा करावी. आणि एका दिवसांत सात वेळां अपराध करून सात वेळां तो तसाच परत आला, तरी सातही वेळां करावी. येथें पश्चात्तापाचा उल्लेख आहे, आणि त्याच्याही आधीं दोष दाखविण्याची आज्ञा आहे. अपराध झालाच नाहीं असें मानावयास प्रभूनें कोणालाही सांगितलें नाहीं.

दुसऱ्या पक्षाचा आधारही तितकाच बळकट आहे. मार्काच्या ११ व्या अध्यायांत प्रार्थनेस उभें राहतांना मनांत कोणाविरुद्ध कांहीं असेल तर क्षमा करावी, असें सांगितलें आहे. तेथें अपराधी समोर नाहीं, व त्यानें कांहीं मागितल्याचाही उल्लेख नाहीं. पक्षाघाती मनुष्याला चौघांनीं छपरांतून खालीं सोडलें, तेव्हां त्यानें तोंड उघडण्यापूर्वींच येशूनें त्याच्या पापांची क्षमा जाहीर केली. वधस्तंभावर असतांना त्यानें मारणाऱ्यांसाठीं क्षमा मागितली, त्या वेळीं खालीं सैनिक त्याचीं वस्त्रें वांटून घेत होते. हें वचन कांहीं प्राचीन हस्तलिखितांत आढळत नाहीं, असें अभ्यासक सांगतात. तरी प्रेषितांच्या कृत्यांत स्तेफनही धोंडमाराखालीं मरतांना तशीच प्रार्थना करितो. तेथें धोंडे मारणाऱ्यांचीं वस्त्रें संभाळीत एक तरुण उभा होता. त्याच्या मनांत त्या दिवशीं पश्चात्तापाचा लेशही नव्हता. त्याचें नांव शौल. पुढें जगानें त्याला पौल म्हणून ओळखलें.

मग हीं दोन मतें परस्परविरुद्ध आहेत काय? माझ्या अल्पमतीप्रमाणें नाहींत. आपण 'क्षमा' ह्या एका शब्दाखालीं दोन निरनिराळ्या गोष्टी ठेवतों, त्यामुळें विरोध भासतो. क्षमा देणें ही एक गोष्ट, आणि दिलेली क्षमा पदरांत पडणें ही दुसरी. उधळ्या पुत्राच्या दाखल्यांत ह्या दोन्ही दिसतात. मुलगा दूर असतांनाच बापानें त्याला पाहिलें, आणि म्हातारा धांवत सुटला. मुलानें वाटेंत घोकलेलें क्षमायाचनेचें बोलणें पुरतें होण्यापूर्वींच उंची वस्त्र आणण्याची आज्ञा सुटली. ह्यावरून बापाच्या मनांतील क्षमा त्या दिवशीं जन्मली नव्हती, हें उघड आहे. मुलगा परदेशांत डुकरें चारीत होता त्या दिवसांतही ती तेथें होतीच. परंतु त्या दिवसांत तिचा मुलाला काय उपयोग होता? वस्त्र घरीं होतें आणि तो उघडा होता. अन्न घरीं होतें आणि तो उपाशी होता. बापाची माया पश्चात्तापानें विकत घेतली गेली नाहीं. पण पश्चात्तापानें मुलाला तिच्यापर्यंत चालत आणलें.

मत्तयाच्या १८ व्या अध्यायांतील दाखल्यानें हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनें दिसते. एका चाकराचें राजाकडे १०,००० तालांतांचें देणें होतें. एक तालांत म्हणजे सुमारें ६,००० दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हां हें ऋण ६ कोटी दिवसांच्या मजुरीइतकें झालें, म्हणजे कोणत्याही जन्मांत न फिटणारें. राजाला दया आली व त्यानें तें सारें सोडलें. तोच चाकर बाहेर पडला आणि १०० दिनारांसाठीं त्यानें आपल्या सोबत्याचा गळा धरला. राजानें मग दिलेली माफी परत घेतली. देणाऱ्यानें दिलें होतें, पण घेणाऱ्याचें मन पालटलें नव्हतें. म्हणून ती माफी त्याच्या हातीं टिकली नाहीं.

ख्रिस्ती मंडळीनें हा तोल संभाळण्याचा यत्न निरनिराळ्या रीतींनीं केला आहे. रोमन कॅथलिक परंपरेंत पापी मनुष्यानें अंतःकरणापासून अनुताप करावा, धर्मगुरूपुढें पाप कबूल करावें, आणि झालेल्या हानीची भरपाई करावी, अशीं तीन अंगें सांगितलीं आहेत. मार्टिन ल्यूथर ह्यानें १५१७ सालीं जीं ९५ विधानें मांडलीं, त्यांतील पहिल्यांतच ख्रिस्ती मनुष्याचें सारें आयुष्य हाच पश्चात्ताप असावा, असें प्रतिपादन आहे. जर्मनींतील धर्मशास्त्री डीट्रिख बोनहोफर ह्यानें १९३७ सालीं 'स्वस्त कृपे'विरुद्ध लिहिलें, म्हणजे पालट न मागतां वांटल्या जाणाऱ्या क्षमेविरुद्ध. आणि हें पुस्तकी बोलणें नव्हतें. १९४५ सालीं नाझी सत्तेनें त्याला फांशी दिलें.

तथापि अट घालण्यांतही धोका आहे, आणि त्याचें एक उदाहरण आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासांतच सांपडतें. पूर्णेहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीनें परभणी ओलांडून पुढें गेलें म्हणजे जालना लागतें. त्या जालन्याजवळ बेथेल नांवाची ख्रिस्ती वस्ती वसविणारे नारायण शेषाद्री ह्यांनीं १८४३ सालीं मुंबईंत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारें १२ वर्षांचें, हाही मिशनरींच्या घरीं राहूं लागला. वडिलांनीं न्यायालयांत दाद मागितली व मुलगा त्यांच्या स्वाधीन करण्यांत आला. पण मुलगा घरीं आला तरी जातींत येईना. परक्यांबरोबर अन्नव्यवहार झालेल्या मुलाला पुन्हां पंक्तीला घ्यावें कीं नाहीं, ह्यावर मोठा वाद माजला. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर ह्यांनीं प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावें असा पक्ष धरला. त्यासाठीं त्यांना सनातनी मंडळींचा रोष पत्करावा लागला, कारण त्यांच्या मतें कोणतेंही प्रायश्चित्त पुरेसें नव्हतें. धर्म कोणताही असो, येथें शिकण्यासारखें एक आहे. जी अट पुरी होऊं शकते ती दाराच्या उंबरठ्यासारखी असते; जी कधींच पुरी होऊं शकत नाहीं ती भिंत होय. पश्चात्तापाची अपेक्षा करणाऱ्या प्रत्येकानें, आणि ख्रिस्ती मंडळींनींही, आपण उंबरठा बांधीत आहों कीं भिंत, हें स्वतःला विचारावें.

आतां आपल्या काळांतील दोन गोष्टी सांगतों. १९९९ सालच्या जानेवारींत ओरिसांतील मनोहरपूर गांवीं ग्रॅहॅम स्टेन्स हे मिशनरी व त्यांचे दोन लहान मुलगे, १० वर्षांचा फिलिप व ६ वर्षांचा तिमथी, गाडींत झोपलेले असतां जमावानें गाडी पेटवून त्यांना जाळून मारलें. स्टेन्स हे मयूरभंज येथें कुष्ठरोग्यांची सेवा करीत असत. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस ह्यांनीं मारेकऱ्यांस आपण क्षमा केली आहे, असें थोड्याच दिवसांत जाहीर केलें. त्या वेळीं मारेकऱ्यांपैकीं कोणीं त्यांच्यापुढें येऊन रडलें नव्हतें. त्यांनीं कोणाच्या अश्रूंची वाट पाहिली नाहीं; परंतु न्यायालयाचें काम थांबवावें असेंही त्या म्हणाल्या नाहींत. क्षमा हें आपलें काम, कायदा हें राज्याचें काम, असा भेद त्यांनीं राखला. खटला चालला, मुख्य आरोपीस झालेली फांशीची शिक्षा उच्च न्यायालयानें २००५ सालीं जन्मठेपेवर आणली, व सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं ती कायम केली. ग्लॅडिसबाई पुढें कांहीं वर्षें त्याच कुष्ठरोग्यांची सेवा करीत राहिल्या. द्वेषाचें ओझें त्यांनीं खालीं ठेविलें, म्हणूनच बहुधा हें काम त्यांच्या हातून होऊं शकलें.

दुसरी गोष्ट इंदूरकडील आहे, जेथें होळकरांच्या काळापासून मराठी घराणीं नांदत आलीं. सिस्टर राणी मारिया ह्या केरळांतून आलेल्या धर्मभगिनी इंदुराजवळच्या उदयनगर भागांत गरीब शेतमजुरांस सावकारी पाशांतून सोडविण्यासाठीं झटत असत. त्यामुळें दुखावलेल्या लोकांच्या चिथावणीनें २५ फेब्रुवारी १९९५ रोजीं समुंदर सिंह नांवाच्या तरुणानें चालत्या बसमध्यें व रस्त्यावर सुऱ्याचे असंख्य वार करून त्यांना ठार मारलें. त्याला जन्मठेप झाली. एक धर्मगुरू त्याला तुरुंगांत जाऊन भेटूं लागले. पुढें २००२ सालीं राखीपौर्णिमेच्या सुमारास राणी मारियांची सख्खी धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी, तुरुंगांत गेल्या आणि त्यांनीं आपल्या बहिणीचा खून करणाऱ्या त्या हाताला राखी बांधली. समुंदर सिंहानें क्षमा मागितली. मृत भगिनीच्या नातलगांनीं व संघानें त्याच्या सुटकेसाठीं रदबदली केली, आणि २००६ सालीं तो सुटला. दुसऱ्या वर्षीं तो केरळांत जाऊन राणी मारियांच्या वृद्ध आईवडिलांस भेटला. २०१७ सालीं इंदुरांत राणी मारियांस धन्यपद देण्याचा सोहळा झाला.

ह्या दोन गोष्टी शेजारीं ठेवून पाहा. दोन्हींत क्षमा देणाऱ्याकडून आली, आणि ती मोफत आली. पहिलींत देणाऱ्याच्या बाजूचें दार उघडें राहिलें. दुसरींत त्या दारांतून एक मनुष्य आंत आला, आणि क्षमेचें रूपांतर भावाबहिणीच्या नात्यांत झालें. तेव्हां आपल्या प्रश्नाचें उत्तर असें द्यावें लागेल: क्षमा करण्यास दुसऱ्याच्या पश्चात्तापाची गरज नाहीं, समेट होण्यास मात्र आहे. सूड सोडणें एकट्याच्या हातीं आहे. नातें जोडण्यास दोघे लागतात.

हें न समजल्यामुळें घरोघरीं दोन अनर्थ होतात, म्हणून पालकांनींही इकडे लक्ष द्यावें. पहिला अनर्थ असा कीं, ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच 'क्षमा कर' म्हणून गप्प बसविलें जातें. मार खाणाऱ्या सुनेला, छळ सोसणाऱ्या लेंकराला, लुबाडलेल्या मजुराला हा उपदेश करून अन्याय करणाऱ्याला मोकळें सोडणें हें ख्रिस्ती शिक्षण नव्हे. ज्या १८ व्या अध्यायांत मत्तयानें त्या चाकराचा दाखला दिला आहे, त्याच अध्यायांत अपराध्याला प्रथम एकांतांत, मग एकदोन साक्षीदारांपुढें, आणि तरीही तो न ऐकल्यास मंडळीपुढें त्याचा अपराध सांगण्याची आज्ञा आहे. क्षमा करणारा खरें बोलूं शकतो, पोलिसांकडे जाऊं शकतो, आणि धोक्याच्या जागेपासून दूरही राहूं शकतो.

दुसरा अनर्थ अपराध करणाऱ्याच्या बाजूचा. 'सॉरी' म्हटलें कीं हिशेब संपला, असें आपण मुलांना नकळत शिकवितों. मोशेच्या नियमशास्त्रांत लुबाडलेली वस्तु तिचा पांचवा हिस्सा वर घालून परत करावी, असें आहे. जक्कय हा जकातदार त्याहीपुढें गेला व चौपट परत करण्यास सिद्ध झाला. पण ध्यानांत घ्या, येशू त्याच्या घरीं आधीं गेला. चौपटीचा शब्द मागून निघाला. प्रेम आधीं आलें, पश्चात्ताप त्याच्या पाठोपाठ आला, आणि पश्चात्ताप खरा असल्यामुळें त्यानें थैलीचें तोंड उघडलें.

आतां माझ्या त्या विद्यार्थ्याकडे वळतों. कांहीं दिवसांनीं मी त्याला बोलावून म्हणालों, "तुझे पैसे परत आले, म्हणजे पैशाचें ऋण फिटलें. दुसरें ऋण राहिलें आहे, तें त्या मुलाच्या तोंडून यावयाचें आहे, आणि तें तुझ्या हातीं नाहीं. पण तें येईपर्यंत रोज त्याची वसुली मनांत चालू ठेवावी कीं नाहीं, एवढें मात्र तुझ्या हातीं आहे." तो कांहीं बोलला नाहीं. मीही अधिक बोललों नाहीं.

त्यानंतर मी एवढें पाहिलें आहे. पूर्वीं तो त्या मुलाला सर्वांदेखत 'चोर' म्हणे; तें त्यानें सोडलें. दोघे एकाच संघांतून कबड्डी खेळतात. मधल्या सुट्टींत बाहेर जातांना मात्र तो आपलें दप्तर दुसऱ्या मित्राजवळ ठेवतो. त्याला कोणी अपुरी क्षमा म्हणेल. मी म्हणणार नाहीं. त्यानें आपल्या बाजूचें सारें दिलें आहे. विश्वास हा उसना देतां येत नाहीं, तो पुन्हां मिळवावा लागतो, आणि तो मिळविण्याचें काम आतां दुसऱ्याचें आहे. तो दुसरा मुलगाही हें वार्षिक वाचील. त्याला मला इतकेंच सांगावयाचें आहे कीं, दार आंतून लावलेलें नाहीं.